तलावातील कवचधर प्राणी आणि परिस्थितीशी त्यांचा मेळ
(केंद्रातील शिक्षण परिषदेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



निसर्गाभ्यासाच्या एखाद्या विषयावर आपल्यापुढे चार शब्द बोलावेत, अशी मला सूचना झाली, तेव्हा मी मुद्दाम खेकडे, झिंगे आणि त्यांचे अतिसूक्ष्म भाऊबंद हा विषय निवडला. काहींना तो वर्गापेक्षा बाजारालाच अधिक शोभणारा वाटेल. परंतु ह्या निवडीमागे माझ्या हातून घडलेली एक चूक आहे. म्हणून प्रथम तीच आपल्यापुढे मांडतो.

मी नोकरीस लागलो त्या काळातील ही गोष्ट. एका तलावाकाठच्या गावी प्राण्यांचे प्रजनन हा पाठ घेताना मी पुस्तकाच्या आधारे सांगितले की, खेकड्याच्या अंड्यातून प्रथम डिंभ निघतो, तो पाण्यात स्वैर पोहतो आणि अनेक रूपे पालटून अखेर खेकडा होतो. मागच्या रांगेतील ढिवराचा एक मुलगा उठून म्हणाला, "गुर्जी, आमच्या तलावातल्या खेकडीच्या पोटाखाली तं पिल्लंच रायतेत." मी त्याला खाली बसविले. वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी त्याने एका गाडग्यात एक खेकडी आणून माझ्या टेबलावर ठेवली आणि तिच्या पोटावरची झडप काडीने अलगद उचलली. आत ज्वारीच्या दाण्याएवढी कितीतरी पिल्ले एकमेकांस बिलगून बसली होती. प्रत्येकाला पाय होते, नांग्या होत्या, डोळे होते. पुस्तक खोटे नव्हते. पण ते समुद्रातील खेकड्याविषयी बोलत होते. मुलगा आपल्या तलावाविषयी बोलत होता. दोघेही खरे होते. चूक एकट्या माझी होती, कारण पाण्यात पाणी भिन्न असते आणि त्याप्रमाणे प्राण्याचे जीवनही भिन्न होते, हे मला ठाऊक नव्हते. आजच्या व्याख्यानाचा विषय हाच आहे.

प्रथम हे प्राणी कोण, ते पाहू. कीटक, कोळी, गोम ह्यांच्याप्रमाणेच ज्यांचे पाय सांध्यासांध्यांचे असतात, अशा संधिपाद प्राण्यांच्या संघात कवचधर हा एक मोठा गट आहे. अंगावर कठीण कवच, डोक्यावर स्पर्शिकांच्या दोन जोड्या आणि बहुतेकांच्या ठायी पाण्यात श्वसन करण्यासाठी कल्ले, ही त्यांची स्थूल लक्षणे होत. कवच वाढत नाही. म्हणून प्राण्याला वाढावयाचे झाले की त्याला कात टाकावी लागते. नवे कवच कठीण होईपर्यंत तो मऊ, दुबळा व भयभीत असतो आणि बिळात दडून राहतो. टाकलेली कात पुष्कळ जातींचे प्राणी स्वतःच खाऊन टाकतात. गोड्या पाण्यात चुना फार थोडा असतो. तो वाया घालविणे त्यांना परवडत नाही. ज्या घरात धान्य बेताचे, त्या घरात शिळे अन्न टाकून देत नाहीत, तसाच हा व्यवहार आहे.

ह्या गटाचे मूळ घर समुद्र. तेथून काही शाखा नद्यांत, तलावांत, विहिरींत आणि पावसाळी डबक्यांत शिरल्या. समुद्रातील प्राण्याला गोड्या पाण्यात राहणे सोपे नसते. त्याच्या शरीरातील रसात क्षार अधिक असतात आणि बाहेरच्या पाण्यात अगदी कमी. त्यामुळे क्षार सतत बाहेर झिरपू पाहतात आणि पाणी आत घुसू पाहते. गोड्या पाण्यातील कवचधरांनी ह्यावर दोन उपाय साधले आहेत. त्यांचे कवच पाण्याला सहज वाट देत नाही, आणि त्यांच्या कल्ल्यांतील विशेष पेशी अत्यल्प क्षारसुद्धा बाहेरच्या पाण्यातून ओढून घेतात. हे काम रात्रंदिवस चालते आणि त्यासाठी शक्ती खर्चावी लागते.

आता आपल्या खेकड्याकडे वळू. आपल्या जिल्ह्यात वर्षाकाठी सुमारे १,३०० मिलीमीटर पाऊस पडतो. पण त्याचा फार मोठा भाग चार महिन्यांतच येतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांजवळ जातो आणि धानाच्या बांधीतील जमीन भेगाळते. अशा प्रदेशात केवळ पाण्यावर विसंबणारा प्राणी टिकणार नाही. म्हणून आपला खेकडा धुऱ्यात किंवा तलावाच्या पाळीत ओलाव्यापर्यंत खोल बीळ करतो आणि उन्हाळा तेथे काढतो. त्याच्या कल्ल्यांच्या पोकळीचे अस्तर रक्तवाहिन्यांनी भरलेले असते आणि ते जणू फुफ्फुसाचे काम करते. म्हणून ओलसर राहिल्यास तो हवेतही श्वास घेऊ शकतो. रोवणीच्या दिवसांत खेकडे धुऱ्यावरून फिरताना आपण पाहतो, ते ह्याच सामर्थ्यामुळे.

अंड्यांचा प्रश्नही त्याने निराळ्या रीतीने सोडविला. समुद्रातील खेकडी लक्षावधी बारीक अंडी घालते. डिंभ लाटांवर सोडून देते. त्यांतील बहुतेक मरतात, थोडे वाचतात. वाहत्या ओढ्यात असा डिंभ सोडला तर तो पुराबरोबर वाहून जाईल आणि खेकड्याचा वंश त्या गावी उरणार नाही. म्हणून गोड्या पाण्यातील खेकडी थोडीच, काही शेकडा, पण मोठी आणि पोषक द्रव्याने भरलेली अंडी घालते व ती पोटाखालच्या झडपेत वागविते. डिंभाच्या साऱ्या अवस्था अंड्यातच उरकतात आणि बाहेर येते ते पूर्ण पिल्लू. माझ्या विद्यार्थ्याने गाडग्यातून आणलेले सत्य ते हेच.

झिंग्यांत तर एकाच कुळात दोन्ही तऱ्हा दिसतात. नद्यांच्या खालच्या भागात आढळणारा मोठा झिंगा गोड्या पाण्यात वाढतो. परंतु त्याच्या डिंभांना काही आठवडे मचूळ पाणी लागते. त्यासाठी मादी नदीमुखाकडे उतरते आणि पुढे लहान झिंगे प्रवाहाविरुद्ध वर चढतात. हे रहस्य १९६० च्या सुमारास मलायात शाओ-वेन लिंग ह्या संशोधकाने उलगडले आणि तेव्हापासून ह्या झिंग्याची शेती करणे शक्य झाले. उलट, तलावांत व ओढ्यांत राहणाऱ्या काही लहान जातींचे झिंगे आपले सारे आयुष्य गोड्या पाण्यातच पुरे करतात. आपली वैनगंगा वर्धेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीस मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरास. ह्या दीर्घ मार्गावर बांध पडले की समुद्राकडे जाणे ज्याला अनिवार्य आहे त्या जातीची वाट अडते. ज्याला अनिवार्य नाही तो निश्चिंत राहतो. परिस्थितीशी मेळ बसविणे म्हणजे काही कायमचे कल्याण नव्हे. परिस्थिती पालटली की कालचा गुण आजची अडचण ठरू शकतो.

आता लहान जीवांकडे येतो. कारण खरे आश्चर्य तेथेच आहे. आपल्या गावाजवळची एखादी बोडी मार्गशीर्षापर्यंत आटते. तिच्यात मासे राहू शकत नाहीत. अशा पावसाळी पाण्यात दख्खनच्या पठारावर व दक्षिण भारतात एक नाजूक, पारदर्शक, उताणा पोहणारा जीव सापडतो. इंग्रजीत त्याला परी-झिंगा अशा अर्थाचे नाव आहे. शास्त्रीय नाव स्ट्रेप्टोसेफॅलस. त्याला कवचही नाही आणि नांग्याही नाहीत. मासे असलेल्या तलावात तो दोन दिवसही टिकणार नाही. म्हणून जेथे मासा जगू शकत नाही, तेच पाणी त्याला मानवते. परंतु पाणी आटल्यावर काय? त्याच्या अंड्यांभोवती चिवट आवरण असते. आतील गर्भ काही वाढ झाल्यावर थांबतो आणि वाळलेल्या मातीत उन्हाळे काढतो. पाऊस पडला की एक-दोन दिवसांत पिल्ले बाहेर येतात आणि काही आठवड्यांत स्वतः अंडी घालून मोकळी होतात.

ह्यातही एक मर्म आहे. पहिल्या पावसाने सारी अंडी उमलत नाहीत. काही उमलतात, काही पुढच्या पावसासाठी राहतात, काही पुढच्या वर्षासाठी. पहिला पाऊस फसवा निघाला आणि बोडी आठ दिवसांत वाळली तर उमललेले सारे मरतात. पण मातीतील शिल्लक अंडी वंश राखतात. मृगाचा पहिला पाऊस पडताच घरातील सारे बियाणे पेरून टाकणारा शेतकरी आपल्यापैकी कोणी शहाणा म्हणणार नाही. ह्या जीवाला बुद्धी नाही, पंचांग नाही. तरी त्याच्या वंशात हा शहाणपणा कसा आला? ज्यांची सारी अंडी एकदम उमलत होती, त्यांचे वंश फसव्या पावसाच्या वर्षी बुडाले. ज्यांची थोडी थोडी उमलत होती, त्यांचे उरले. निवड निसर्गाने केली. कोणी ठरवून काही केले नाही.

वाळलेल्या मातीत जीव किती चिकाटीने राहतो, ह्याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. १८८० नंतरच्या काळात नॉर्वेतील जी. ओ. सार्स ह्या शास्त्रज्ञाकडे कार्ल लुमहोल्ट्स ह्या प्रवाशाने ऑस्ट्रेलियातील एका तळ्याची सुकी माती पाठविली. सार्स ह्यांनी तीत पाणी घातले आणि अर्ध्या पृथ्वीपलीकडचे जीव त्यांच्या घरी पोहू लागले. त्यांतील एका जातीला त्यांनी १८८५ मध्ये लुमहोल्ट्स ह्यांचेच नाव दिले. ही डॅफ्नियाची, म्हणजे जलपिसवेची, जात भारतातील तलावांतही राहते.

जलपिसू म्हणजे उडी मारीत पोहणारा, जेमतेम एक-दोन मिलीमीटरचा कवचधर. सुकाळ असला की तिच्या माद्या नराशिवायच अंडी घालतात आणि त्यांतून पुन्हा माद्याच निघतात. गर्दी झाली, अन्न संपत आले की नर जन्मास येतात आणि मग जाड आवरणाची, तळाशी पडून राहणारी टिकाऊ अंडी तयार होतात. ज्या पाण्यात प्राणवायू कमी, तेथे ती रक्तातील हीमोग्लोबिन वाढवून गुलाबी होते. आणि पाण्यात तिला खाणारे शत्रू असले तर त्यांच्या अंगातून पाण्यात मिसळणाऱ्या द्रव्यांच्या नुसत्या चाहुलीने काही जातींची पिल्ले डोक्यावर उंच टोप किंवा लांब काटे घेऊन वाढतात. शत्रू नसले तर त्याच आईची पिल्ले साधी निपजतात. टोप वाढविण्यास खर्च आहे; म्हणून गरज नसता तो वाढत नाही.

१९०९ मध्ये जर्मनीतील रिखार्ट वोल्टेरेक ह्यांनी ह्याच जलपिसवांवर प्रयोग केले. एकाच वंशातील पिल्लांना कमी-अधिक अन्न दिले असता त्यांच्या टोपांची उंची कशी बदलते, हे त्यांनी मोजले. त्यावरून त्यांनी असा विचार मांडला की, वंशातून येतो तो एखादा ठराविक आकार नव्हे. अमुक परिस्थितीत अमुक रूप, तमुक परिस्थितीत तमुक रूप, असा एक नियमच वंशातून येतो.

शिक्षक मित्रांनो, येथे मी आपले लक्ष विशेषेकरून वेधू इच्छितो. आपण वर्गात सहज म्हणून जातो की, 'प्राणी गरजेप्रमाणे बदलतात.' हे वाक्य मुलांच्या मनात दोन भिन्न गोष्टींची सरमिसळ करते. एक बदल व्यक्तीच्या आयुष्यात होतो. जलपिसवेचा टोप, तिचा गुलाबी रंग, हे त्या प्रकारचे. वंश तोच, परिस्थिती निराळी म्हणून रूप निराळे. दुसरा बदल पिढ्यान्पिढ्यांत होतो. तेथे एकटा प्राणी बदलत नाही. समूहात मुळातच असलेल्या भिन्न भिन्न वंशांपैकी काही अधिक टिकतात, काही मागे पडतात, आणि कालांतराने समूहाचे स्वरूप पालटते. माशांनी भरलेल्या तलावात मोठ्या, ठळक दिसणाऱ्या जलपिसवा आधी खाल्ल्या जातात आणि लहान, पारदर्शक जाती उरतात. तेथे कोणी जलपिसू लहान होऊ लागली, असे म्हणता येणार नाही. मोठ्या उरल्या नाहीत, एवढेच.

ह्या दुसऱ्या बदलाचा एक सुंदर पुरावा युरोपातील कॉन्स्टन्स सरोवरातून मिळाला. १९६० व १९७० च्या दशकांत सांडपाण्यातील स्फुरद त्या सरोवरात वाढले आणि नीलहरित शैवाल माजले. त्यांतील काही विषारी असते. तळाचा गाळ वर्षावर्षाच्या थरांनी साचतो आणि प्रत्येक थरात त्या त्या काळची जलपिसवांची अंडी असतात. संशोधकांनी ती अंडी उमलवून जुन्या आणि नव्या पिढ्या शेजारी शेजारी वाढविल्या. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार प्रदूषणापूर्वीच्या वंशांना ते विषारी शैवाल सोसत नव्हते, नंतरच्यांना बरेच अधिक सोसत होते. आजी आणि नात एकाच काचपात्रात ठेवून तुलना करावी, असा हा प्रयोग होता.

ह्यावरून कोणी असा धडा घेईल की, मग पाणी बिघडले तरी चिंता नाही, प्राणी सोसून घेतील. तसे मुळीच नाही. जलपिसवेची पिढी काही दिवसांची असते. आपल्या खेकड्याची तशी नाही. शिवाय कीटक आणि कवचधर हे एकमेकांचे आप्त असल्यामुळे कीटकांसाठी शेतात फवारलेली पुष्कळ औषधे, विशेषतः कृत्रिम पायरेथ्रॉइडे, पाण्यात उतरली की कवचधरांना अत्यंत घातक होतात. डबा ओढ्यात धुणारा हात आणि तलावातील जाळे ह्यांचा संबंध मुलांना दाखवून द्यावयास हवा. कटला मासा मुख्यतः अशाच तरंगत्या सूक्ष्म प्राण्यांवर वाढतो. जलपिसू गेली तर त्याचा घास गेला, आणि शेवटी ढिवराच्या घरचा घास गेला.

आपला जिल्हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. गोंड राजांच्या अमदानीत आणि पुढेही कोहळी समाजातील जाणत्यांनी उतार ओळखून हे तलाव बांधले. मालगुजारीच्या काळात त्यांना मालगुजारी तलाव, संक्षेपाने मामा तलाव, हे नाव पडले. १९५० च्या कायद्याने तत्कालीन मध्यप्रदेशात मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे आले. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा निराळा झाला, तेव्हा तलावांची वाटणी झाली. पण पाण्यातील जीवांना ती ठाऊक नाही. कितीक तलाव आज गाळाने आणि बेशरमीच्या झुडपांनी भरले आहेत. खोल पाणी, उथळ काठ, हंगामी बोडी आणि ओली बांधी अशी नाना प्रकारची घरे जवळ जवळ असतात, म्हणूनच नाना प्रकारचे जीव नांदतात. सारे पाणी एकसारखे झाले तर जीवही एकसारखे, आणि थोडेच, उरतील.

एका कवचधराचे नाव मात्र कृतज्ञतेने नव्हे, तर सावधपणे घ्यावे लागते. तो म्हणजे सायक्लॉप्स. मिलीमीटरभर लांबीचा, एकाच डोळ्याचा, मादीच्या दोन्ही बाजूंस अंड्यांच्या पिशव्या वागविणारा. नारूचे सूक्ष्म डिंभ हा गिळतो. असे पाणी न गाळता प्यालेल्या माणसाच्या शरीरात नारू वाढतो आणि सुमारे वर्षाने बहुधा पायातून हातभर लांब बाहेर येऊ लागतो. तो पाय पायऱ्यांच्या विहिरीत पडला की डिंभ पुन्हा पाण्यात. सायक्लॉप्सची ही भूमिका रशियन शास्त्रज्ञ फेदचेंको ह्यांनी १८७० च्या सुमारास दाखवून दिली. महाराष्ट्र हे नारूग्रस्त राज्यांपैकी एक होते. १९८३-८४ पासून देशव्यापी मोहीम झाली. पाणी फडक्याने गाळा, पायऱ्यांच्या विहिरीत उतरू नका, हातपंपाचे पाणी वापरा, एवढ्या साध्या गोष्टी गावोगाव सांगितल्या गेल्या. ह्या रोगावर लस नव्हती. रोग हटला तो एका लहानशा प्राण्याची राहणी ओळखून. देशातील शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. निसर्गाभ्यासाचा उपयोग काय, असे विचारणाऱ्यास हे एक उत्तर पुरेसे आहे.

शेवटी, वर्गात काय करता येईल ते सांगतो. वैशाखात आटलेल्या बोडीच्या तळाची ओंजळभर सुकी माती आणि बारमाही तलावाच्या काठची तेवढीच माती निरनिराळ्या कागदांत बांधून, गावाचे नाव व तारीख घालून ठेवावी. शाळा सुरू झाल्यावर दोन काचेच्या बरण्यांत ती घालून वर पावसाचे किंवा विहिरीचे पाणी ओतावे. जंतुनाशक औषध घातलेले नळाचे पाणी वापरू नये. बरण्या उजेडात, पण थेट उन्हात नाही, अशा ठेवाव्यात. तीन आठवडे मुलांनी रोज भिंगातून पाहून काय दिसले, कोणत्या दिवशी दिसले, कोणत्या बरणीत दिसले, ते वहीत लिहावे. कधी काहीच उमलणार नाही. तेही प्रामाणिकपणे लिहावे. हात धुण्यास विसरू नये, आणि मुलांना खेकड्यांच्या बिळांत हात घालू देऊ नये, कारण त्याच बिळांत सापही आसरा घेतात. खोल पाण्याकडे तर मोठ्या माणसावाचून कोणालाच जाऊ देऊ नये.

आणि एक विनंती. वर्गात ढिवराचे, कोहळ्याचे, शेतमजुराचे मूल असेल, तर पाठ सुरू करण्यापूर्वी त्याला विचारावे, 'तू काय पाहिलेस?' आपल्या पुस्तकात नसलेले पुष्कळ त्याच्या डोळ्यांत असते. ज्या मुलाला मी खाली बसविले, त्याची मी दुसऱ्या दिवशी भर वर्गात क्षमा मागितली. त्यानंतर तो मागच्या रांगेत बसला नाही. माझ्या शिक्षकी आयुष्यात मला जे थोडेबहुत समाधान लाभले, त्यात ह्या गोष्टीची गणना मी आवर्जून करतो.